येळवसेच्या दुपारची नोंद

उट्टं काढायचं म्हणूनच मी ते काम घेतलं. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? लोकांना सांगताना मी सांगायची, आपल्या भागातल्या पोरींसाठी घेतलंय, जिथं पहिली नोकरी केली त्या संस्थेचं ऋण फेडायलेय. कसलं ऋण आणि कसलं काय! नऊ वर्षं मी डूख धरून बसले होते, आणि ज्याच्यावर धरला होता तो आपल्या पायानं चालत माझ्याकडं आला.

संस्था बिदरची. शिक्षण संस्था. संतपूरपासून चिटगुप्प्यापर्यंत आणि तिकडं खाली आळंदपर्यंत तिच्या शाळा, कॉलेजं, वसतिगृहं. प्रत्येकाची वेगळी वेबसाइट, आणि प्रत्येक वेबसाइट कन्नड, मराठी, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषांत. कुठली सूचना कुणी लिहायची, कुणी तपासायची, कुणी लोकांपुढं मांडायची, हे सगळं सांभाळायला एक सॉफ्टवेअर लागतं. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर मोडकळीला आलं होतं. आळंदच्या कॉलेजची सुट्टी चिटगुप्प्याच्या शाळेच्या पानावर दिसायची, उर्दू उलटी उमटायची. मग संस्थेनं ठरवलं, ओपन सोर्स घ्यायचं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो आणि जे कुणा एका कंपनीच्या दावणीला बांधलेलं नाही. मोठमोठ्या गुंतागुंतीच्या वेबसाइटांसाठी असलेल्या अशा एका सिस्टिमबद्दल त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. ती आपल्या उपयोगाची आहे का, हे तपासून सांगणारं माणूस पाहिजे होतं. मी हैदराबादला नऊ वर्षं काढून, त्यातली सात हेच काम करून, नुकतीच गावाकडं आले होते. बिदर जिल्ह्यात असलं काम केलेली मी एकटीच, म्हणून मला पत्र आलं.

पत्राखाली सही कुणाची होती, तर कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांची. आमच्या सरांची. सही बघितली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी तसंच उभ्या उभ्या उत्तर लिहिलं, "काम करते."

आता डूख कशाचा, ते सांगते.

नऊ वर्षांपूर्वी मी त्याच संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर होते. पहिली नोकरी. घर संतपूरला, खोली बिदरला. काम एकच, सूचना टाइप करायच्या आणि जुन्या सॉफ्टवेअरमधून वेबसाइटवर चढवायच्या. त्या वर्षी मुलींच्या वसतिगृहाची प्रवेश परीक्षा अठरा जानेवारीला होती आणि वेबसाइटवर लागली अठ्ठावीस. अठ्ठावीसला आळंदकडनं, चिटगुप्प्याकडनं बापलेकी आल्या. पोरींनी वेण्या घालून, पेन-पट्टी घेऊन यावं, आणि दारातल्या माणसानं सांगावं, परीक्षा होऊन दहा दिवस झाले. एक बाई पायरीवर बसून मोठ्यानं रडली. तिचं रडणं मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सगळे जमले. अध्यक्षांनी विचारलं, कुणी चढवली तारीख? आमच्या हापिसात सगळ्यांचं लॉगिन एकच. 'ऑफिस' हे नाव, आणि पासवर्ड मशिनवर चिकटवलेला. आपल्या आपल्यात काय लपवाछपवी, असा कारभार. त्यामुळं कुणी काय केलं हे मशिनलाही माहीत नाही. सर उठले, शर्ट नीट केला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि म्हणाले, "सूचना चढवायचं काम हिचं आहे. नवी आहे, सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या! मला खड्ड्यात ढकलून वरनं माझ्यावर दया!

मी म्हणलं, मी ते पान शेवटचं उघडलं तेव्हा अठराच होतं. कोण ऐकतंय? चोर सोडून संन्याशाला फाशी. माफीपत्र लिहायला लावलं आणि ते सगळ्यांसमोर वाचायला लावलं. मी मराठीत वाचलं. संपवून खाली बसणार, तेवढ्यात मागनं कुणीतरी म्हणालं, "कन्नडात पण होऊ द्या, सगळ्यांना कळलं पाहिजे." आमच्याकडं लग्नपत्रिकेपासून मयताच्या चिठ्ठीपर्यंत सगळं दोन भाषांत करायची रीत आहे, ती माझ्या माफीलाही लागू झाली. मी त्याच कागदावरनं, मनातल्या मनात उलथापालथ करत, कन्नडात वाचलं. जे केलं नव्हतं त्याची मी दोनदा माफी मागितली. सर पहिल्या रांगेत पाय हलवत बसले होते.

तेही गिळलं असतं मी एक वेळ. पण घरी गेले, अप्पांच्या पुढ्यात बसून रडले, आणि अप्पा, माझे वडील, मला म्हणाले, "झालं असंल तुझ्या हातनं. जाऊ दे की." मी म्हणलं, "अप्पा, मी न्हाई केलं." ते म्हणाले, "माणसाच्या हातनं चुकतंय बाई. कामून एवढं मनाला लावून घ्यायलीस?"

सभागृहातल्या सगळ्यांनी मला दोषी ठरवलं, त्याचा राग होताच. पण माझ्या बापाचा माझ्यावर विश्वास बसला नाही, हे मला जाळत राहिलं. महिन्याभरात नोकरी सोडली, हैदराबादची वाट धरली. तिथं भाड्याच्या खोलीत रोज सकाळी दात घासताना मी सरांचा तो हलणारा पाय बघायची. एक दिवस अप्पांच्या हातात पुरावा ठेवायचा, आणि त्या माणसाकडनं दोन्ही भाषांत वाचून घ्यायचं. एवढंच पाहिजे होतं मला.

तर मी कामाला हजर झाले. सर दारापर्यंत आले. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, बाकी तोच शर्ट नीट करायचा चाळा. म्हणाले, "अगं, तू आपलीच पोर! किती मोठी झालीस! आम्हीच घडवलेली बघा ही," असं शेजारच्या कारकुनाला. मी हसले. दात-ओठ खाऊन हसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

काम मात्र मी मन लावून केलं, ते खोटं नाही सांगत. सूड घ्यायचा तर हत्यार धार लावून घ्यावं लागतं. सिस्टिम एका सर्व्हरवर चढवली आणि एकेक गोष्ट तपासत गेले. चार भाषा एकाच पानाशी नीट जोडलेल्या राहतात का? राहत होत्या, आणि उर्दू उजवीकडनंच सुरू होत होती. आळंदच्या माणसाला फक्त आळंदचं पान दिसतं का? दिसत होतं. एकानं लिहिलं आणि दुसऱ्यानं मंजूर केलं, तरच बाहेर जातं का? व्हय. संतपूरच्या शाळेत बसून, जिथं मोबाइलचा टॉवर वाऱ्यासंगं झुलतो, तिथनं सूचना चढवून बघितली. पहिल्यांदा अडकली, दुसऱ्यांदा गेली. कन्नडात शोधलं तर सिस्टिम जोडाक्षरं चुकवायची. ते त्या सिस्टिमच्या लोकांच्या चर्चेत मांडलं, तर दोन दिवसांत कुठल्या तरी देशातल्या माणसानं दुरुस्ती पाठवली. ना ओळख, ना पाळख. मला भारी वाटलं. सरांना तर पटलंच नाही, "फुकटात कोण कुणाचं काम करतंय?"

वाईटही होतं. सिस्टिम जड होती, सर्व्हर बोंबलायचा. नवी आवृत्ती आली की चढवायला जाणकार माणूस लागायचा, आणि तसा माणूस बिदरात मिळायचा नाही. दुसरी एक हलकी सिस्टिम होती, तीही ओपन सोर्स. गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्यालाही येते ती. खरं सांगायचं, तर त्या हलक्या सिस्टिमवर थोडी मेहनत घेतली असती, तरी संस्थेचं भागलं असतं. हे मी अहवालात लिहिलं, पण मागच्या पानावर, बारीक करून. मी काटा मारला. सोयाबीनच्या मापात मारतात तसा.

कामून मारला? त्या जड सिस्टिमचा एक गुण माझ्या डोळ्यांत भरला होता. ती प्रत्येक बदल लक्षात ठेवायची. कोणतं पान, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या नावानं, आधी काय होतं, नंतर काय झालं. एक अक्षर बदला, नोंद पडली. मला वाटलं, ही बया नऊ वर्षांपूर्वी असती तर!

आणि मग जुना डेटा आणायची पाळी आली. जुनी पानं नव्या सिस्टिममध्ये नीट येतात का, हे बघणं तपासणीचाच भाग असतो. त्यासाठी जुन्या सॉफ्टवेअरचा अख्खा डेटाबेस मला मिळाला. कुणी दिला? सरांनीच. पेनड्राइव्हवर, पाकिटात घालून, वर माझं नाव लिहून. मी दुपारी जेवण बाजूला सारून तो उघडला. आत काय काय आहे ते बघते, तर एका कोपऱ्यात एक रकाना. प्रत्येक पान शेवटचं कधी बदललं, त्याची तारीख आणि वेळ. जुन्या सॉफ्टवेअरनं ते कधी पडद्यावर दाखवलंच नव्हतं, पण आत मुकाट्यानं लिहून ठेवत होतं.

मी लगेच वसतिगृहाचं पान हुडकायला घेतलं. कारण आमच्या संस्थेत एक सवय आहे. चुकलेली सूचना दुरुस्त करत नाहीत. ती तशीच ठेवतात, आणि तिच्यावर नवं शुद्धिपत्रक काढतात. दुरुस्त केली तर चूक मान्य केल्यासारखं होतं, असा समज. वसतिगृहाच्या परीक्षेचंही शुद्धिपत्रकच निघालं होतं. म्हणजे ते अठ्ठावीसचं पान नऊ वर्षं कुणी हात न लावता तसंच पडून होतं, आणि त्याच्या पोटात शेवटच्या बदलाची वेळ होती.

शोधलं. सापडलं. दिवस येळवसेचा. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं.

मी खुर्चीवरनं उठले आणि टाळी वाजवली. एकटीच. येळवस! आमच्याकडं येळअमावास्येला गावात कुत्रं उरत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करायची, पाच दगडांना चुना लावून पुजायचं, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील पोटभर खायचं, येईल त्याला बोलावून खाऊ घालायचं. संस्थेला त्या दिवशी सुट्टीच असते. आणि मी? मी संतपूरला आमच्या शेतात होते, अप्पांच्या समोर, सगळ्या भावकीच्या समोर, आंबील शिंपडत बांधावरनं फिरत होते. जुनं सॉफ्टवेअर तर हापिसातल्या त्या एका मशिनवरच चालायचं. हापिसाच्या चाव्या दोन. एक शिपाईमामांकडं, आणि मामा त्या येळवसेला आमच्याच शेतात जेवायला होते, दोनदा भज्जी मागून घेतली होती त्यांनी. दुसरी चावी सरांकडं.

अप्पांनी सरांनाही बोलावलं होतं. सर आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी बिदरला निघाले तेव्हा अप्पांनी डबा भरून दिला होता, "सरास्नी दे, त्यांना यायला जमलं न्हाई." मी डबा घरपोच केला होता. सरांनी आंबीलही चाटूनपुसून संपवली, असं त्यांच्या घरातल्यांनी मला सांगितलं होतं.

पुराव्यात खोट राहू नये म्हणून मशिनचं घड्याळही तपासलं. येळवसेच्या आदल्या दिवशीची आणि दुसऱ्या दिवशीची पानं मीच चढवली होती, त्यांच्या वेळा जागच्या जागी होत्या. आता मला घाई नव्हती. मी शांतपणे अहवाल लिहिला आणि कळवलं, अहवाल वाचून कळायचा नाही, सभागृहात सगळ्यांना दाखवून सांगते.

तेच सभागृह. तेच लोक, थोडे जाड, थोडे टकले. अध्यक्षही तेच, तुरीच्या डाळीचा व्यापार करणारे, मोजकं बोलणारे म्हातारे. सर पहिल्या रांगेत. पाय हलत होता.

मी सगळं दाखवलं. भाषा दाखवल्या, मंजुरी दाखवली, चिटगुप्प्याच्या मुख्याध्यापकांनी मुद्दाम चूक करून बघितली आणि सिस्टिमनं कशी अडवली तेही दाखवलं. लोक खूश. मग म्हणलं, "आता हिचा खरा गुण. ही काहीच विसरत न्हाई. एखादं जुनं पान उघडून दाखवते." आणि ते पान उघडलं. वसतिगृह प्रवेश परीक्षा, अठ्ठावीस. बाजूला बदलाचा दिवस आणि वेळ, मोठ्या अक्षरांत.

"हा दिवस कोणता व्हता, सांगा बघू कुणी," मी म्हणलं.

आधी कुणाला कळेना. मग शिपाईमामा मागनं म्हणाले, "येळवस व्हती की ती."  येळवसेला कोण कुठं होतं हे आमच्याकडं कुणाला आठवावं लागत नाही. प्रत्येकजण आपापल्या शेतात, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात. जो कुठल्याच शेतात नव्हता, त्याच्याकडं माना वळल्या.

सरांचा पाय थांबला. नऊ वर्षं मी त्या पायाची वाट बघितली होती! अय्यो, काय सांगू, उन्हातनं आल्यावर गार ताक प्यावं तसं झालं.

एकानं चाचरत विचारलं, "मशिनचं घड्याळ चुकलं असंल?" मी घड्याळाचा पुरावा दाखवला. तो खाली बसला. अध्यक्षांनी सरांना कन्नडात विचारलं, त्या दिवशी तुम्ही इथं होता का?

सर उठले. शर्ट नीट केला. मला वाटलं, आता नाही म्हणतील, मग मी सोलून काढीन. पण ते मराठीत म्हणाले, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "होतो. सुट्टीच्या दिवशी कुणी नाही म्हणून मीच बसलो होतो, तारखा चढवत. चूक माझ्याच हातनं झाली असेल. पण मी लपवलं कुठं? तुझ्या अप्पांचा जेवायला फोन आला होता, तेव्हा त्यांना मी सांगितलं होतं की असं असं काम करत बसलोय. त्यांना माहीत होतं. ते कधी काही बोलले नाहीत. मग मी कशाला बोलू?"

मी रिमोट हातात धरून तशीच उभी राहिले. सगळ्यांच्या माना आता माझ्याकडं वळल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "अक्का, बसा थोडं." मी बसले नाही. मी म्हणलं, "आधी माफी. मराठीत. मग कन्नडात."

सरांनी मागितली. दोन्ही भाषांत, हात जोडून. नऊ वर्षं ज्या क्षणासाठी मी जीव जाळला, तो क्षण माझ्यासमोर झाला, आणि त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही. कानात एकच वाजत होतं, त्यांना माहीत होतं, त्यांना माहीत होतं. मेल्यानं माझ्या विजयात मिठाचा खडा टाकला.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "अक्का, हे जे लिहून राहतंय, ते नंतर पुसता येतंय का?" सभागृहातला प्रत्येक माणूस उत्तरासाठी कान टवकारून बसला होता. मी म्हणलं, "नाही." अध्यक्ष म्हणाले, "मग हेच घ्या." चेहरे पडले, पण अध्यक्षांपुढं कोण बोलणार? पुसता येतं. ज्याच्याकडं ॲडमिनचं लॉगिन आहे तो पुसू शकतो, आणि ते लॉगिन माझ्याकडं आहे. पण माझी माफी ऐकत अळीमिळी गुपचिळी बसलेले हे सगळे, त्यांनी आता रोज आपल्या नावानं नोंद पडताना बघत काम करावं, अशी माझी इच्छा होती. अजून आहे.

तशीच औरादच्या बसमध्ये बसले आणि संतपूरला उतरले. अप्पा अंगणात सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. मला अवेळी बघून म्हणाले, "एकाएकी कशी आलीस? बरी हाईस न्हवं?"

मी उभ्या उभ्याच विचारलं, "अप्पा, नऊ वर्षांमागच्या येळवसेला तुम्ही सरांना फोन केल्ता?"

त्यांनी दाभण पोत्यातनं आरपार काढला. आणखी एक टाका घातला. "केल्ता की. दर येळवसेला करतो."

"काय म्हणले ते?"

"एवढं जुनं कुठं ध्यानात ऱ्हातंय?"

"ऱ्हातंय. सांगा."

अप्पा पोत्याकडं बघत म्हणाले, "म्हणले, हापिसात कुणी न्हाई, म्हणून मीच बसलोय. वसतिगृहाच्या तारखा चढवायलोय. डबा पाठवा म्हणले."

  मी म्हणलं, "आणि मी तुमच्या पुढ्यात बसून रडले तेव्हा?"

"तुझ्या भावाचं ॲडमिशन त्यांच्या हातात व्हतं त्या वर्षी. मी सभेत जाऊन बोललो असतो, तर पोराचं वरीस गेलं असतं."

भावाला त्या वर्षी त्याच संस्थेच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आज त्याचं औरादला औषधांचं दुकान आहे. माझ्या माफीपत्रावर ते दुकान उभं आहे, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हणलं, "सभेत नका बोलू. पण घरात, मला एकटीला तरी सांगायचं की, तू न्हाई केलंस म्हणून!"

"तुला सांगितलं असतं, तर तू गप बसली असतीस?"

नसते बसले. ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी म्हणलं, "अप्पा, सगळ्यांनी मला दोषी म्हणलं ते मी सोसलं. तुम्ही मला म्हणलात, झालं असंल तुझ्या हातनं. तुम्हाला खरं ठावं असून म्हणलात. मी नऊ वर्षं तुम्हाला दाखवायला पुरावा हुडकत फिरले, आज तो कॉम्प्युटरमधनं काढून सरांकडनं माफी घेतली, आणि तुम्ही हितं पोती शिवत बसलाव!"

अप्पांनी हातातला दोरा तोडला. दाभण खाली ठेवला. बारीक आवाजात म्हणाले, "पोरगा वाचवायचा का पोरगी, एवढंच दिसलं मला. पोरगी खंबीर हाय म्हणलं." मग म्हणाले, "आता तुझं तर काम झालं. ते कॉम्प्युटरमधलं पुसता येत न्हाई का? गावात उगं बोभाटा व्हईल, मला ठावं असून मी गप बसलो म्हणून."

"न्हाई येत," मी म्हणलं. चहा न घेता परत फिरले. खंबीर म्हणे! खंबीर माणसाला विकायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर सिस्टिम उभी राहिली, मी तिचं काम बघायला लागले. सर निवृत्तीला लागले. शिपाईमामा सोडले तर संस्थेत माझ्याशी कुणी मोकळं बोलत नाही, आणि मलाही कुणाशी बोलायचं नाही.

येळवस आली. बिदर ओस पडलं. संस्थेला सुट्टी. दुपारी बारा वाजले तरी मी गेले नाही म्हणून अप्पांचा फोन आला. मागनं वारा, बायकांचा कालवा, कुणीतरी आंबील शिंपडत ओरडत होतं. अप्पा म्हणाले, "कामून आली न्हाईस? सगळी जमल्यात. पानं वाढायलेत."

मी म्हणलं, "हापिसात कुणी न्हाई, म्हणून मीच बसलेय. वसतिगृहाच्या तारखा चढवायलेय."

 कालवा तेवढा ऐकू येत राहिला.  मग अप्पा म्हणाले, "डबा पाठवू का?"

"पाठवा," मी म्हणलं. "तुम्हाला सवय हाय."

दोन तासांनी डबा आला. भाऊ घेऊन आला, गाडीवरनं, हातात धरून, आंबील सांडू नये म्हणून हळूहळू चालवत. दारातच म्हणाला, "अक्का, अप्पा जेवले न्हाईत. तू जेवलीस का न्हाई ते इचारून फोन कर म्हणलेत."

भज्जीचा वास साऱ्या हापिसात पसरला. मी सकाळपासून उपाशी होते. डबा मी उघडला नाही. तसाच त्याच्या हातात परत दिला आणि म्हणलं, "सांग त्यांना, माणसाच्या हातनं चुकतंय. एवढं मनाला लावून घेऊ नका."